सांबऱ्याचा माळ आणि रविवारचे पत्र

जूनच्या पहिल्या सोमवारी आम्ही चौघे पहाटेच आजऱ्याहून निघालो. थोरली बहीण, तिचे यजमान, त्यांचा मुलगा आणि मी. आम्ही घरचे सारे बहिणीला अक्का म्हणतो. तिचा हा मुलगा, म्हणजे माझा भाचा, वर्षापूर्वी एका मिशनरी संस्थेत दाखल झाला. आता त्याला दोन वर्षांच्या सेवेसाठी ईशान्येकडील डोंगराळ मुलखात धाडण्यात आले होते. सांबऱ्याहून विमानाने बंगळूर आणि तेथून पुढे, असा त्याचा प्रवास ठरला होता. घरातून मिशनला जाणारा तो दुसरा. पहिला माझा धाकटा भाऊ. त्याची हकीकत पुढे येईलच.

आजऱ्याहून गडहिंग्लज आणि तेथून संकेश्वर, असा आमचा रस्ता. हिरण्यकेशी नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सोबतीला असते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी आमच्या घनसाळ भाताच्या वाफ्यांना पाणी पाजून संकेश्वराकडे उतरते, तेव्हा तिला दोन राज्यांच्या सीमेची काही खबर नसते. खबर असते ती माणसांना. गडहिंग्लजेपर्यंत दुकानांवरील पाट्या मराठी. पुढे कानडी अक्षरे दिसू लागतात. पण चहाच्या टपरीवर बसलेली माणसे त्याच दमात दोन्ही भाषा बोलतात आणि आमच्यासारख्यांच्या घरात तिसरी कोकणीही नांदते. संकेश्वरापाशी पुणे-बंगळूर हमरस्ता लागतो. उत्तरेस वळले तर तंबाखूच्या वखारींची निपाणी, दक्षिणेस वळले तर बेळगाव. आम्ही दक्षिणेस वळलो.

बेळगाव शहर मागे टाकून बागलकोटच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की सह्याद्रीचा हिरवा पदर सरतो आणि मोकळा माळ सुरू होतो. बसवन कुडची, निलजी, मुतगे अशी गावे ओलांडली की सुमारे दहा किलोमीटरवर सांबरा येते. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. शेते नांगरून तयार होती आणि कोठे कोठे भाताची पेरणी चालू होती. कुरीमागून चालणारी माणसे, बांधावर भाकरीची टोपली आणि शेतांपलीकडे तारेचे उंच कुंपण. हे कुंपण म्हणजेच सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाईदलाची छावणी.

या माळावर १९४२ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असता, ब्रिटिश हवाईदलाने धावपट्टी बांधली. नांगराखालच्या जमिनीशेजारी विमाने उतरू लागली. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याच्या मुक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा येथूनच उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला चढवला. गोव्यात ज्यांचे नातलग होते, अशा आमच्या भागातील घरांना सांबरा हे नाव त्या दिवसापासून विशेष ओळखीचे झाले. आज येथे हवाईदलात नव्याने भरती झालेल्या जवानांची प्रशिक्षण शाळा आहे. अठरा-वीस वर्षांची मुले देशाच्या कानाकोपऱ्यांतून येतात, शिस्त शिकतात आणि शपथ घेऊन बाहेर पडतात. २०२३ सालापासून त्यांत मुलीही आहेत. मोटारीतून जाताना कुंपणाआड कवायत करणारी एक रांग दिसली. अक्का ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, “यांच्याही आया असतील कुठेतरी.” एवढेच बोलून ती गप्प झाली. दर वर्षी कितीतरी घरांतील मुले या माळावरून निरोप घेतात. त्यांत आज आमचाही एक होता.

विमानतळाची नवी इमारत २०१७ साली उघडली. ती पाहून भाच्याच्या वडिलांना फार कौतुक वाटले. पण आत प्रवेश फक्त प्रवाशांना. बाहेरच्या छपराखाली आम्ही उभे होतो. इतक्यात पावसाची सर आली आणि विमानास उशीर असल्याचे कळले. निरोपाची वेळ लांबली की बोलायचे सुचत नाही, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना असेल. अक्काने डब्यातील पोळी तीनदा पुढे केली. भाच्याने तीनदा नको म्हटले.

आमच्या शेजारच्या बाकावर पांढरे सदरे आणि गळ्यात टाय अशा वेषातील दोन तरुण बसले होते. छातीवर काळी नामपट्टी. त्यांतील एक मान खाली घालून मोबाइलवर भराभर काही लिहीत होता, मध्येच थांबून आकाशाकडे पाहत होता आणि पुन्हा लिहीत होता. नामपट्टीवरून मी ओळखले, की हे मॉर्मन पंथाचे प्रचारक असावेत. माझ्या भाच्यानेच बोलणे सुरू केले. तरुणास तरुण लवकर भेटतो. लिहिणारा मुलगा आंध्रातला होता आणि हिंदी चांगली बोलत होता. तो म्हणाला, “आज सोमवार ना, आईला लिहिण्याचा दिवस. विमानात बसण्यापूर्वी पुरे करतो आहे.”

या पंथाविषयी दोन शब्द सांगणे उचित होईल. जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. आज त्याचे मुख्य ठाणे युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. त्यांची शिकवण आपल्या श्रद्धेहून फार भिन्न आहे. इतकी, की त्यांचा बाप्तिस्मा वैध मानता येत नाही, असा निर्णय रोमने २००१ साली दिला. आपल्या मुलखास हे लोक अगदीच नवे नाहीत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक प्रचारक मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास जाऊन गोऱ्या शिपायांत प्रचार करीत राहिला. ते काम फार काळ टिकले नाही. अलीकडे, १९९३ साली, त्यांनी बंगळूर येथे आपले मिशन स्थापन केले. धर्मतत्त्वांचा वाद घालण्याची ती जागा नव्हती आणि त्या मुलांनीही तो काढला नाही. मला आवडली ती त्यांची एक रीत, आणि चांगली रीत कोणाच्याही घरी दिसली तरी ती पाहून घ्यावी, असे माझी आई म्हणत असे.

त्यांच्यात मुलगा अठरा वर्षांचा झाला, की तो दोन वर्षांसाठी मिशनला जाऊ शकतो. मुली दीड वर्ष जातात. कोठे जायचे ते त्यांनी निवडायचे नसते. नेमणूक येईल तेथे जायचे. खर्चाचा भार मुख्यतः स्वतःच्या शिलकेवर आणि घरच्यांवर. एकटे कधी राहायचे नाही, नेहमी जोडीने. मुलग्यांना ‘एल्डर’ म्हणतात. एल्डर म्हणजे वडीलधारा! मिसरूडही नीट न फुटलेल्या मुलांना हे बिरुद ऐकून आमच्या भावोजींना हसू आवरेना. ती मुलेही हसली. आठवड्यातील एक दिवस, बहुधा सोमवार, त्यांना स्वतःसाठी मिळतो. त्या दिवशी कपडे धुवायचे, बाजार करायचा, केस कापायचे आणि घरी लिहायचे. पूर्वी घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळाला आणि मातृदिनाला. बाकी सारे वर्ष आठवड्याच्या पत्रावर काढायचे. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्यास बोलण्याची परवानगी मिळाली.

“मग आता लिहितोस कशाला? बोलतच जा की,” अक्काने विचारले.

तो मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “बोलतो ना, आई. पण बोलताना ती विचारते, ‘जेवलास का?’ मी म्हणतो, ‘हो.’ तेवढ्यावरच संपते. लिहायला बसलो की आठवडा आठवतो.”

अक्काने त्याच्यापुढेही पोळीचा डबा धरला. त्याने नको म्हटले नाही.

लिहायला बसले की आठवडा आठवतो! केवढे खरे बोलला तो मुलगा. त्याच्या शब्दांनी मला चाळीस वर्षांपूर्वीचे आमचे घर आठवले.

माझा धाकटा भाऊ मिशनला गेला तेव्हा त्याला विसावे वर्ष लागले होते. त्याला छोटा नागपूरच्या आदिवासी मुलखात पाठवले होते. रविवारी दुपारी तो पत्र लिही आणि ते गुरुवारी किंवा शुक्रवारी आमच्या हाती पडे. आईला अक्षरओळख नव्हती. पोस्टमन दारात आला, की ती हात पुसत बाहेर येई, निळे आंतर्देशीय पत्र कपाळाला लावी आणि मी कामावरून येईपर्यंत क्रूसाखालच्या फळीवर ठेवी. संध्याकाळी जपमाळ झाली, की मी ते वाचायचे. एकदा वाचून तिचे समाधान होत नसे. दुसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत. तिला ते पाठ करायचे असे. मग ती सांगे आणि मी उत्तर लिही. गाय व्याली, विहिरीला पाणी किती, कोणाचे लग्न ठरले, फादरांनी प्रवचनात काय सांगितले.

एका पावसाळ्यात माझी नवी नोकरी, त्यात लावणीचे दिवस. पत्रे येत होती. मी ती वाचून दाखवीत होतो, पण उत्तर उद्यावर टाकीत होतो. आई विचारी, “लिहिलेस का रे?” मी म्हणे, “लिहितो.” एक आठवडा गेला, दुसरा गेला. असे चार आठवडे गेले. पाचव्या आठवड्यात मी लिहिले आणि तो विषय विसरलो.

दोन वर्षांनी भाऊ प्रथमच घरी आला. एका संध्याकाळी आम्ही दोघे नदीवर गेलो होतो. पाण्यात पाय सोडून बसलो असता तो एकाएकी म्हणाला, “दादा, त्या पावसाळ्यात चार आठवडे पत्र आले नाही ना, तेव्हा मला वाटले आई गेली आणि तुम्ही माझ्यापासून लपवता आहात.”

मला काय बोलावे ते सुचेना. त्याने पुढे सांगितले, की त्याच दिवसांत त्याला हिवतापाने गाठले होते. अंथरुणात पडल्या पडल्या तो दर रविवारी लिहीत होता आणि आईला घोर नको म्हणून दर वेळी ‘मी बरा आहे’ असेच लिहीत होता. म्हणजे तो तिकडे आजार लपवीत होता आणि आम्ही मरण लपवतो आहोत असे त्याला वाटत होते. आईला यांतले काहीच कधी कळले नाही. ती गेली तेव्हा तिच्या पेटीत त्याची सारी पत्रे दोऱ्याने बांधलेली सापडली. त्या चार आठवड्यांची चारही पत्रे त्यांत होती. त्यांची उत्तरे मात्र कोणाच्याच पेटीत नव्हती, कारण ती मी लिहिलीच नव्हती.

त्या दिवसापासून दुरून आलेल्या पत्राकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो, आणि आपल्या धर्मसभेच्या इतिहासातही मला तीच गोष्ट पुनःपुन्हा भेटू लागली. संत फ्रान्सिस झेविअर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. त्या काळी पत्रे वाऱ्यांच्या हंगामावर चालणाऱ्या जहाजांतून जात. युरोपास पाठवलेल्या पत्राचे उत्तर यायला दोन-दोन वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागे. या थोर संताने आपल्या सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून घेतल्या होत्या आणि त्या तो गळ्यातील पिशवीत बाळगी. ज्यांनी पूर्वेचे समुद्र पालथे घातले, त्यांनाही चार ओळखीच्या अक्षरांचा आधार लागत होता. संत इग्नेशिअस यांनी २८ जून १५५३ रोजी रोमहून त्यांना पत्र लिहून परत बोलावले. पण झेविअर ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर प्रभुचरणी विलीन झाले होते. पत्र लिहिले गेले तेव्हा ते वाचणारा या जगात उरला नव्हता. जुन्या गोव्यात त्यांच्या अवशेषांचे दर्शन घेणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

ज्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने मराठी भाषेला भूषवले, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचीही अशीच कथा. तिशीतला हा इंग्रज तरुण ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोचला. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढलेला! आणि पोचून पुरते तीन आठवडेही झाले नाहीत, तोच १० नोव्हेंबरला त्याने लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. त्यात वाऱ्यांचे वर्णन आहे, उडणाऱ्या माशांचे आहे, खलाशांच्या हिरड्या सुजवणाऱ्या आजाराचे आहे आणि माडाच्या पेयाचेही आहे. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात तर येथील भाषांचे ग्रीक आणि लॅटिन भाषांशी असलेले साम्य त्याने हेरून कळवले. तो मायदेशी परत गेला नाही. १६१९ साली गोव्याच्याच मातीत त्याने देह ठेवला. वडिलांना मुलगा पुन्हा दिसला नाही. पण त्या पत्रात त्याने वडिलांना आपला सारा प्रवास दाखवला, त्यातील भीतीसह. ‘मी बरा आहे’ एवढ्यावर त्याने भागवले नाही.

घरी राहणाऱ्यांनाही यात वाटा आहे. लिझ्यूची संत तेरेसा कार्मेल मठाच्या भिंतींबाहेर मिशनला कधीच गेली नाही आणि चोविसाव्या वर्षी, १८९७ साली, क्षयाने वारली. तरी १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी तिला झेविअर यांच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. तिने काय केले? प्रार्थना केली, दुखणे सोसले आणि दोन तरुण मिशनऱ्यांना पत्रे लिहिली. त्यांतला एक चीनमध्ये होता, दुसरा आफ्रिकेस जाण्याची तयारी करीत होता. आजारपणात हाती पेन्सिल आली, तरी तिने लिहिणे सोडले नाही. जो जातो तोच मिशनरी, असे नाही. जो त्याला उत्तर लिहितो, तोही अर्धा मिशनरी असतो.

पाऊस थांबला. विमानाची वेळ झाल्याचे कळले. ती दोन मुले उठली. पत्र लिहिणाऱ्याने अक्काला वाकून नमस्कार केला आणि म्हटले, “आजच्या पत्रात तुमची पोळी आली बरे का.” ती आत गेली.

आता आमचा क्षण आला. इतका वेळ मुकी राहिलेली अक्का मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करून म्हणाली, “बाळा, फोन येईल तेव्हा येईल. पण दर रविवारी संध्याकाळी तू लिहायचेस. कागदावर लिही, नाहीतर मोबाइलवर लिही. पण बसून लिही.”

“लिहीन, आई.”

“आणि नुसते ‘बरा आहे’ लिहू नकोस. ताप आला तर ताप लिही. मन लागत नसेल तर तेही लिही. मी आई आहे तुझी, पाहुणी नव्हे.”

मग तो माझ्याकडे वळला. मी त्याला नदीकाठची ती गोष्ट पूर्वी कधी सांगितली नव्हती. तेथेच, सामानाच्या गाडीला धरून, थोडक्यात सांगितली आणि म्हणालो, “तुझ्या पत्राचे उत्तर आठवड्याच्या आत आले नाही, तर समज की तुझा मामा आळशी आहे. दुसरे काही मनात आणू नकोस. पण तशी वेळ मी येऊ देणार नाही.” तो हसला आणि माझ्या खांद्यावर डोके टेकले. लहानपणी जत्रेत दमला की टेकी, तसे.

विमान उडाले तेव्हा आम्ही रस्त्यावर येऊन उभे होतो. पेरणी करणाऱ्या माणसांनी मान वर केली नाही. त्यांच्या डोक्यावरून विमाने रोजच जातात. आम्ही मात्र तो ठिपका ढगात शिरेपर्यंत पाहत होतो. परतताना बेळगावात कुंदा घेतला, कारण रिकाम्या हाताने घरी जाऊ नये. संकेश्वरापर्यंत कोणी फारसे बोलले नाही. हिरण्यकेशी दिसली तेव्हा भावोजी म्हणाले, “पाणी वाढू लागले आहे, हे त्याला लिहायला हवे.” उत्तराचा पहिला मजकूर असा ठरला.

दुसऱ्या आठवड्यात भाच्याचे पहिले पत्र आले. दुसऱ्याच ओळीत त्याने लिहिले होते: पोचल्यावर तीन दिवस ताप होता, आता उतरला, डोंगरात जळवा फार, भाषा कानावर पडते पण हाती लागत नाही, रात्री घरची आठवण येऊन एकदा रडलो. वाचता वाचता अक्काचा आवाज अडखळला. पण पत्र खाली ठेवून ती म्हणाली, “खरे लिहिले आहे त्याने.” तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, तसेच समाधानही होते.

त्याच संध्याकाळी, जपमाळेची प्रार्थना झाल्यावर, आम्ही उत्तर लिहायला बसलो. ते उद्यावर टाकले नाही.

प्रिय वाचकहो, तुमच्याही घरातील कोणी दूर असेल. कोणी मठात, कोणी इस्पितळात परिचारिका, कोणी आखातात, कोणी बोटीवर, कोणी सांबऱ्यासारख्या एखाद्या छावणीत. येत्या रविवारी मिस्सेवरून परत आल्यावर अर्धा तास काढा आणि त्याला लिहा. गाय, विहीर, पाऊस, प्रवचन, जे असेल ते लिहा. आपल्याला ते क्षुल्लक वाटते. पण दूर बसलेल्या कोणाला तरी, घर जागेवर आहे आणि आई जिवंत आहे, एवढे त्यावरून कळते.